गार हवेचा माणूस

ती खोकली. मोठ्यानं नाही, एकदाच, दोन ओळींच्या मधे. पण खोकली, आणि गाणं तिथंच सोडून मान वर करून तिनं छताकडे पाहिलं. मी वर होतो. स्टेजच्या डोक्यावर दिवे बांधायला लोखंडी जाळीचा जो अरुंद रस्ता आहे, तिथं ओणवा होऊन एसीच्या ग्रिलला टिश्यूपेपरची पट्टी बांधत होतो. हवा किती सुटतेय ते डोळ्यांना दिसावं म्हणून आम्ही एसीवाले अजून हे असलं गावठी काम करतो, सगळे आकडे कॉम्प्युटरवर येत असले तरी. पट्टी फडफडत होती. ती बाई पट्टीकडे पाहत होती आणि मला वाटलं, माझ्याकडेच. गाणाऱ्या बाईच्या खोकल्याचे दोन प्रकार असतात, एक घशाचा आणि एक भीतीचा. दुसरा ज्यानं घरच्या माणसाचा ऐकलाय त्याला तो हजार-अकराशे खुर्च्यांच्या हॉलमध्येही ओळखू येतो. मी तो चौदा वर्षांपूर्वी ऐकला होता, औरंगाबादला, आईच्या तोंडून. जाळीवर गुडघे टेकलेले होते, तिथून गारवा वर चढत गेला आणि मला उगाचच वाटलं की आता खालचे सगळे वादक, दिवेवाले, झाडूवाले एकदम वर बघतील आणि म्हणतील, हाच तो. कुणी पाहिलं नाही. पियानोवाल्यानं पाणी प्यायलं. दुपारचे दोन वाजले होते, आणि सातला कार्यक्रम होता.

मस्कतमधल्या या हॉलची हवा माझ्याकडे आहे. मी राकेश पगारे, मेंटेनन्स इंजिनिअर. लोकांना गाणारी दिसते, दिवे दिसतात, फार तर पडदा ओढणारा दिसतो. हवा कोणाला दिसते? बिघडली की मात्र सगळ्यांना माझं नाव पाठ असतं. एप्रिलच्या त्या गुरुवारी येणारी बाई कोण आहे हे मला कळायची तशी गरज नव्हती. पण तिच्या सेक्रेटरीनं महिनाभर आधी जे पत्र पाठवलं त्यात पिण्याचं पाणी, खुर्ची, आरसा हे सगळं एकेका ओळीत होतं आणि हवेबद्दल अख्खं पान. मी ते पान वाचलं आणि माझी झोपच उडाली. मग मी तिचं आयुष्य वाचायला घेतलं. संध्या, माझी बायको, इथंच रुवी भागात एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात आहे, तिथल्या प्रिंटरवर तिनं मला चाळीस पानं काढून आणून दिली, आणि पुढचे पंधरा दिवस घरात "तुमची रेमेदिओस" यावरून माझी यथेच्छ टिंगल केली. "अहो, पोळी गार होतेय, की आज तुमच्या रेमेदिओसच्या हातची खाणार?" मी हसायचो. तिला काय सांगणार होतो, की मी बाईचं आयुष्य वाचत नाहीये, त्यात एक विशिष्ट वर्ष शोधतोय?

रेमेदिओस आल्कोया. स्पेनच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या मिठागरांच्या गावात जन्मली. बाप मिठागरात, आई मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यात. बाराव्या वर्षापासून ही पण तिथंच. हात मासळीत आणि तोंडानं गाणं. मुकादमीण गाऊ द्यायची, कारण ही गायला लागली की बाकीच्या बायकांचे हात भराभर चालायचे. हे मी वाचलं आणि आमच्या आईची आठवण येऊन गहिवरून आलं. सतराव्या वर्षी रेडिओ. मग माद्रिद, काळा पोशाख, केसात काही नाही, हातात काही नाही. सत्तरच्या सालात स्पेनमध्ये असं घर नव्हतं म्हणतात की जिथं तिची तबकडी नाही. नवरा झाला, तो गेला, दुसरा झाला. मेक्सिको, अर्जेंटिना, पेरू. वर्षाला दीड-दीडशे कार्यक्रम. आणि मग ते वर्ष: एकोणनव्वद, पेरूची राजधानी लिमा. नवा कोरा हॉल, नवा एसी, आणि तिसऱ्या गाण्याला आवाज गेला. दोन वर्षं ती पाटीवर लिहून बोलायची. परत आली तेव्हा आवाज खाली उतरलेला होता. लोक म्हणाले, आता जास्त चांगली गाते. आता सदुसष्टाव्या वर्षी निरोपाचे कार्यक्रम करत फिरत होती. प्रत्येक मुलाखतीत, मी टॅब्लेटवर खालची इंग्रजी अक्षरं वाचत एकेक ऐकली, पत्रकार तोच प्रश्न विचारायचा आणि ती हात उडवून तेच सांगायची. लिमा. यंत्र. यंत्रानं घेतला माझा आवाज. ते वाक्य मी तीन-चारदा मागे नेऊन ऐकलं. संध्या आतून म्हणाली, "झोपा आता," आणि मी टॅब्लेट बंद करून अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिलो.

कारण आमच्या घरातही एक यंत्र होतं. लीलावतीबाई पगारे आणि पार्टी, हे नाव औरंगाबादेत माहीत नाही असा आमच्यातला माणूस विरळा. एप्रिल लागला की आई घरात दिसायची नाही. जयंतीच्या आधी आठ दिवस आणि नंतर थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत आज इथं, उद्या तिथं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज, निळे झेंडे, कर्कश भोंगे, आणि त्या भोंग्यांनाही पुरून उरणारा तिचा आवाज. वडील लवकर गेले. त्या आवाजावर घर चाललं, आणि मी इंजिनिअर झालो. वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून काय घ्यावं? साडी घ्यावी, माणसं घेतात. मी शहाणा! एका बंद पडलेल्या लॉजमधला जुना खिडकीतला एसी उचलला, स्वतः दुरुस्त केला, स्वतः भिंत फोडून आईच्या खोलीत बसवला. आख्ख्या वस्तीत पहिला. आठ दिवस माणसं बघायला येत होती, बायका पदर पसरून समोर बसत होत्या, आणि आई नाकापर्यंत चादर ओढून त्याच्याखाली अशी झोपायची की तिला बघून माझी छाती फुगायची. तो मार्च. एप्रिलमध्ये, मुकुंदवाडीच्या कार्यक्रमात, तिसऱ्याच गाण्याला ती खोकली. एकदाच. थांबली आणि तिनं वर पाहिलं, वर काय होतं, नुसतं आकाश. मग आवाज आलाच नाही. पेटी वाजवणारे भगवानमामा स्टेजवरून उतरता उतरता म्हणाले, "पोरानं एसी आणला अन् बाईचा गळा गेला." हसत म्हणाले की रडत म्हणाले मला आठवत नाही. पण ते वाक्य वस्तीभर झालं. नळावर, पारावर, विहारात. आई कधीच काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला खायला उठायचं. एसी मी विकून टाकला. डिसेंबरात ओमानचा व्हिसा आला आणि मी सरळ पळालो, दुसरा शब्द नाही. रुसैलच्या कारखान्यांत आधी, कंपनीच्या खोलीत सहा जणांत एक पंखा, मग इथं. आणि काम काय मिळालं? एसीचं. दर शुक्रवारी आई फोनवर त्या खरवडलेल्या आवाजात गुडघे, गोळ्या, शेजारणीची सून असं सगळं बोलते. तो आवाज ऐकला की मी आधी कानापासून फोन जरा लांब धरतो. तुझा आवाज कशानं गेला, हे मी एकदाही विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत होतं आणि तिच्या तोंडून ऐकण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

जाळीवरून उतरलो तर खाली शरीफ उभा. आमचा ऑपरेशन्सचा मॅनेजर, ओमानी, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, आवाज कधी चढत नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते. "राकेश, मादाम तुमको बुलाती. एसीवाला कौन, पूछती." तिच्या खोलीत वाफेच्या यंत्राचा वास होता, निलगिरीचा. बाई फोटोतल्यापेक्षा पुष्कळ लहान, पायात घरातल्या सपाता, खांद्यावर दोन शाली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. "तू गार हवेचा माणूस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "मी खोकले. तू ऐकलंस?" हो. "तुझ्या हवेनं?" आता इथं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, मादाम, स्टेजवरची हवा सेकंदाला वीतभरसुद्धा सरकत नाही, दमटपणा पन्नास टक्के ठेवलाय, काळजी करू नका. मला हे सगळं पाठ होतं. पण तिनं हे विचारताना स्वतःचा गळा तळव्यानं झाकला, आई झाकायची तसाच, आणि माझ्या तोंडून चौदा वर्षांचं सगळं बाहेर पडलं. आई गायची. मी एसी बसवला. महिन्याभरात आवाज गेला. मी केलं ते. संध्याला न सांगितलेलं, कुणालाच न सांगितलेलं, मी नेमकं त्या एका बाईला सांगितलं जिला कार्यक्रमाआधी पाच तास ते सांगायला नको होतं. बोलून झाल्यावर मला वाटलं ती मायेनं काही बोलेल. काय माझी अक्कल! तिचा चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीतच मागे सरकली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी घरात विळा घेऊन शिरलोय.

"बंद," ती म्हणाली. "सगळं. मी उभी राहण्याच्या एक तास आधीपासून, मी गाडीत बसेपर्यंत. एक यंत्र नाही. नाहीतर मी गाणार नाही." मी मान हलवली.

शरीफनं मला बाहेर नेलं आणि शांतपणे विचारलं, अकराशे माणसं बसतील, तर किती वेळ निभेल? माणूस म्हणजे एक शंभर वॅटचा दिवा, हे आमचं ठोकळ गणित; अकराशे दिवे बंद पेटीत. मी म्हटलं, आत्तापासून हॉल सतरा अंशांपर्यंत गोठवून ठेवतो, भिंती, खुर्च्या, गालिचे, सगळं गार करून ठेवतो, मग सहाला बंद. आठपर्यंत ठीक, पुढचा पाऊण तास मी सांगू शकत नाही. "इन्शाल्ला," तो म्हणाला. "लेकिन पहिल्या रांगेत मोठी माणसं आहेत. त्यांनी कपाळ पुसलं की मी तुला फोन करणार, आणि तू चालू करणार. मादामको पता नहीं चलेगा. खलास?" मी मान हलवली. दोन्हीकडे मान हलवून आलेला माणूस मी, एसीची यंत्रं असतात त्या प्लँट रूममध्ये जाऊन बसलो. माझ्याबरोबर बाबामियाँ, हैदराबादचा टेक्निशियन, वीस वर्षं यंत्रांबरोबर राहून माणसांवर फक्त हसणारा. हॉलमध्ये चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सर, कुर्सियाँ भी काँप रही हैं." मी हसलो नाही. तो माझ्याकडे जरा वेळ बघून चहा आणायला गेला.

सहाला आम्ही बंद केलं. पंखे थांबताना एक लांब उसासा टाकतात, तो मी दिवसातून दहादा ऐकतो, त्या दिवशी मात्र दारं लागल्यासारखं वाटलं. सातला ती गायला लागली. प्लँट रूममधल्या छोट्या स्पीकरवर ऐकू येत होतं, डबाबंद, पण येत होतं. भाषा कळत नव्हती आणि कळायची गरजही नव्हती. मी शब्द ऐकतच नव्हतो, दोन ओळींच्या मधल्या जागा ऐकत होतो. प्रत्येक जागेत मी श्वास धरायचो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हॉलचं तापमान एकोणीस, वीस, साडेएकवीस. चौथ्या गाण्याला बावीस. मधेच मला आईचा मुकुंदवाडीचा चेहरा दिसायला लागला, दिव्यांच्या उजेडात, चिलटं उडत होती, आणि मी पहिल्या रांगेत नवा शर्ट घालून बसलेलो. आठ वाजता साडेचोवीस. आठ वीसला सव्वीस. शरीफचा फोन आला. "राकेश, लोग पेपर से हवा ले रहे हैं. चालू कर." मी म्हटलं, सर, दोन गाणी उरलीत. "यल्ला, चालू कर," तो म्हणाला, आणि आवाज तेवढाच होता, जराही वर नाही. बाबामियाँचा हात बटणावर गेला. मी त्याचं मनगट धरलं. हे धैर्य वगैरे नव्हतं, उगाच कुणाचा गैरसमज नको. व्हिसा कंपनीच्या हातात, घर कंपनीचं, आणि शरीफनं मनात आणलं तर महिन्याभरात मी आणि संध्या बॅगा घेऊन विमानतळावर; हे सगळं मला दिसत होतं आणि त्याची भीती वाटतच होती. पण दुसरी भीती तिच्यापेक्षा थोरली होती. फोन मी तसाच टेबलावर उलटा ठेवला. बाबामियाँ म्हणाला, "सर, आप पागल हैं," आणि हात काढून घेतला.

मग मला तिथं बसवेना. मी जिना चढून वर जाळीवर गेलो. वर तर भट्टी होती, सगळी गरम हवा तिथं येऊन साचलेली, शर्ट पाठीला चिकटला. खाली ती, काळ्या पोशाखात, माझ्या बरोबर खाली, तिचा केसांमधला भांग दिसत होता. शेवटचं गाणं. ते हळूहळू वर जातं, मी पंधरा दिवसांत पन्नासदा ऐकलं होतं, मला माहीत होतं कुठं जातं. मी ग्रिलला बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. सरळ खाली लोंबत होती, जराही हलत नव्हती. एक झुळूक नव्हती, एक यंत्र चालू नव्हतं, हॉल सत्तावीसवर होता. ती वर गेली आणि आवाज फाटला.

खोकला नाही, काही नाही. नुसता फाटला, कापड फाटतं तसा, आणि मग काहीच नाही. अकराशे माणसं गप्प. तिनं वर पाहिलं. पट्टी पाहिली तिनं, मी तिचे डोळे त्या पट्टीवर जाऊन थांबलेले पाहिले, मग ते माझ्यावर आले. मग तिनं ती ओळ खालून घेतली, जवळजवळ बोलली, शेजारी बसलेल्या बाईशी बोलावी तशी, आणि गाणं संपवलं. लोक उभे राहिले. टाळ्यांनी ती जाळी माझ्या पायाखाली कापत होती आणि मी कठड्याला धरून उभा होतो.

खाली आलो तर विंगेत शरीफनं फक्त एवढंच म्हटलं, "रविवारी नऊ वाजता माझ्याकडे ये," आणि पाहुण्यांकडे निघून गेला. ती एका खोक्यावर बसली होती, सेक्रेटरी पाणी घेऊन उभी. तिनं मला हातानं बोलावलं, माझं मनगट धरलं. हात ओलाचिंब होता.

"बंद होतं?"

"हो मादाम. सगळं. सहापासून."

"खरं सांग."

"बाबासाहेबांची शपथ," मी म्हटलं, मराठीत. तिला काय कळणार, पण कळलं असावं. तिनं मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, "पंचवीस वर्षं मी सांगतेय, लिमा. लिमा." आणि हसली, आणि हसतानाच तिचा चेहरा असा घाबराघुबरा झाला की मला ती एकदम खूप म्हातारी दिसली. "आता मी त्यांना काय सांगू?" तिनं मला विचारलं. मला, एसीवाल्याला. सेक्रेटरीनं तिला उठवलं, शाली घातल्या, आणि ती सपाता फरफटत गाडीकडे गेली.

घरी मी संध्याला कार्यक्रम चांगला झाला म्हणून सांगितलं. झोप लागली नाही. सकाळी शुक्रवार, सुट्टी. संध्या आत कांदेपोहे करत होती, बाहेर आठ वाजताच ऊन पांढरं झालेलं. मी गॅलरीत गेलो आणि आईला फोन लावला. तिकडे साडेनऊ. तिनं नेहमीसारखं गुडघ्यापासून सुरू केलं. ह्या खेपेला मी फोन कानापासून लांब धरला नाही. तो आवाज, वाळूवर पत्रा ओढल्यासारखा, मी नीट ऐकत होतो. मधेच तोडून मी म्हटलं, "आई, एक विचारू? तुझा आवाज कशानं गेला?"

ती म्हणाली, "आज काय काढलंस सकाळी सकाळी?"

"सांग ना."

"गाऊन गेला. दुसरं कशानं जातो?"

"एसीनं?"

"कशाचा एसी! तू एसी आणायच्या आदल्या जयंतीलाच गेला होता की. वरचं लागायचंच नाही. कोरसच्या पोरींना म्हणायचे, वरचं तुम्ही घ्या, मी नुसती तोंड हलवायचे. तुझं शेवटचं साल होतं इंजिनिअरिंगचं, तुला कशाला सांगायचं? पुढच्या साली मुकुंदवाडीला अगदीच उघडी पडले, बघ. मग मीच भगवानला म्हटलं, एसीनं बसला असं सांग लोकांना." ती हसली, त्या हसण्याला आवाजच नव्हता, नुसती हवा. "लई बरं झालं बघ तुझ्या एसीचं. लीलावती म्हातारी झाली, संपली, असं कोणी म्हणालं नाही. पोरानं एसी आणला, असंच म्हणत राहिले. त्यात मान होता रे."

मी कठडा धरला. वाटलं होतं की हे ऐकलं तर छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही, उलट पायाखालची फरशीच कुणी काढून घेतल्यासारखं झालं. चौदा वर्षं मी ज्याला भ्यालो ते नव्हतंच, आणि भीती मात्र होती तिथंच होती, आता तिला धरायला काहीच उरलं नव्हतं म्हणून आणखीनच मोकाट सुटलेली. राग आला. आईचा आला, भगवानमामांचा आला, त्या मिठागरातल्या बाईचासुद्धा आला. ओरडावंसं वाटलं, की तुझ्या मानासाठी मी इथं पळून आलो, दर शुक्रवारी मरून मरून तुझ्याशी बोललो. तोंड उघडलंही. आतून संध्यानं हाक मारली, "अहो, पोहे!" तिकडे आई माझं बोलणं यायची वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता, जरा भरभर. आणि मग तिनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, घाबरून विचारलं:

"राकेश, तुला कोणी काही बोललं नव्हतं ना रे तेव्हा, त्याच्यावरून? तू काही मनाला लावून घेतलं नव्हतंस ना?"

"नाही गं आई," मी म्हटलं. "मला कोण काय बोलणार?"